चिंगीचं फडकं

गुरुवार, डिसेंबर १९९६. नेरूळ.

मला एका उंदराचा हेवा वाटतोय. लिहितानाही लाज वाटते, पण वाटतोय.

सतीशच्या महाप्याच्या ऑफिसातल्या मित्राची बदली झाली, म्हणून त्याने पाळलेली पांढरी उंदरीण, चिंगी, काल आमच्याकडे आली. पिंजऱ्याच्या कोपऱ्यात नुसती थरथरत होती. आणि माझा नवरा केवढा हळवा! "अगं, भांडी हळू ठेव. नवीन घर आहे, बावरलीये ती." सासूबाईंनी तर टीव्हीचा आवाजसुद्धा कमी केला.

मी पिंजऱ्यातलं कळकट फडकं धुवायला घेतलं, तर सतीश धावतच आला. "ते नको धुऊस! जुन्या घराचा वास आहे त्याला. त्याच्याशिवाय झोपायची नाही ती."

जुन्या घराचा वास म्हणे!

मे महिन्यात लग्न होऊन आले, तेव्हा आईने शिवलेली गोधडी आणली होती. "आपल्याकडे ब्लँकेटं आहेत की," म्हणत सासूबाईंनी ती पहिल्याच दिवशी माळ्यावर टाकली. हा तिथेच पेपर वाचत बसला होता. तुला इथे झोप लागते का, असं मला कोणी विचारलं?

आज त्या फडक्यात तोंड खुपसून चिंगी गाढ झोपली. मेली!

मग मीच स्टुलावर चढले आणि गोधडी खाली काढली. सतीश म्हणाला, "आता ही कशाला?"

"मीपण नवीनच आहे," म्हटलं.

आत्ता ती अंगावर घेऊन लिहितेय. नुसता डांबराच्या गोळ्यांचा वास येतोय.