शेवटचा आकडा

शिरूर,
सोमवार, दि. २२ नोव्हेंबर २००४

चि. ब्लेसी,

तुझ्या मामाचा सलाम आणि अनेक आशीर्वाद. तिकडे मस्कतला थंडी अशी नसतेच म्हणतात. इथे मात्र पहाटे पांघरूण सोडवत नाही. माझी तब्येत बरी आहे. गुडघा एसटीच्या पायरीवर थोडी कुरकुर करतो, बाकी एकाहत्तराव्या वर्षी तक्रार कसली करायची? अंगणातल्या बोगनवेलीला यंदा इतका बहर आला आहे, की माझा जुना वर्ग असता तर पोरांना बाहेर आणून दहा ओळी लिहायला लावल्या असत्या.

तुला कागदावरचं पत्र बघून नवल वाटेल. मामा म्हणजे कॉम्प्युटरचा कोर्स केलेला माणूस. शिरूरच्या क्लासमधला सगळ्यात म्हातारा विद्यार्थी, पहिल्या दिवशी माउस उचलून कानाशी धरणारा. पण तुझी मेलची पेटी बंद झाली आहे. गुरुवारी तुझ्या आईनं तुला दोन ओळी धाडल्या, त्या परत आल्या. म्हणून तू नोकरी करतेस त्या हॉस्पिटलच्या पत्त्यावर लिहितो आहे. फोन कर, असं मी तिला म्हणालो. तर म्हणाली, "फोनवर मी तिला एकदा नको ते बोलून बसले. आता फोनवर नको." कुठल्या बोलण्याविषयी ते तुला सांगायला नको. तुझ्या वडिलांची, एडविनरावांची माती झाली आणि तू पोहोचली नाहीस, तेव्हा 'आता येऊच नकोस' म्हणाली ते.

आई बरी आहे. दुखणंखुपणं नाही. मशीन बिघडलं होतं, म्हणून तुला उत्तर गेलं नाही. हे आधी लिहून टाकतो, म्हणजे तुझ्या मनातलं निघून जाईल.

मशीन कसं बिघडलं ते आता सांगतो.

तू कॉम्प्युटर पाठवलास तेव्हा आईला म्हणाली होतीस, "आपण फोनवर भांडतो, आता लिहून बोलू." मला ते फार आवडलं होतं. लिहिताना माणूस जरा थांबतो, शब्द बघून घेतो. आई एका बोटानं इंग्रजी अक्षरांत मराठी लिहायची, चार ओळींना तासभर. जुलैत एके दिवशी तिचा फोन आला. "दादा, हे चालूच होत न्हाई. काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं येऊन बसल्यात." मी दौंडची दुपारची गाडी पकडली. बघतो तर उपासनेच्या गीतांची यादी असलेली फ्लॉपी आतच राहिलेली. मशीन सुरू होताना तिच्यातच आपला जीव शोधत बसलं होतं. मी फ्लॉपी बाहेर ओढली, एक बटण दाबलं, झालं.

तुझी आई माझ्याकडे बघतच राहिली. लहानपणी विहिरीत पडलेली तिची बादली मी गळ टाकून काढली होती, तेव्हा असंच बघितलं होतं तिनं. "दादा, तुझ्यामुळं हं," म्हणाली. मग थालीपीठ झालं, लोण्याचा गोळा आला, एडविनरावांच्या गोष्टी निघाल्या. परतताना गाडी न्हावऱ्याला थांबली. समोर ऊस वाऱ्यावर डोलत होता आणि मी मोठ्यानं कविता म्हणत होतो. शेजारच्या बाईनं पिशवी मांडीवर ओढून घेतली.

मी दर गुरुवारी जायला लागलो. विचारायला कारण असायचं. अक्षर मोठं कसं करायचं, आवाज कुठून वाढवायचा.

ऑगस्टात मशीन खरंच बसलं. स्टेशनजवळ अक्रम आहे ना, पूर्वी रेडिओ दुरुस्त करायचा, त्याच्याकडे नेलं. त्यानं सगळं पुसून नव्यानं भरलं. म्हणाला, "मास्तर, आता ह्ये नवं हाय. तीस दिसांच्या आत कंपनीला फोन करून नंबर टाका. न्हाई टाकला तर दार लावून घेतंय त्ये, मग कुनाच्या बापाला आत घेत न्हाई." इंटरनेटवरूनही ते होतं म्हणे, पण आईच्या घरची लाइन दर दोन मिनिटांनी तुटायची. म्हणून फोन.

बारा ऑगस्टचा गुरुवार. पडद्यावर आकडे आले, सहा-सहाचे नऊ गट. ते आपण फोनवर वाचायचे, मग पलीकडची बाई सहा-सहाचे सात गट सांगते, ते आपण खालच्या चौकोनांत भरायचे. मी चष्मा पुसला. सहा अक्षरांचा एक चरण, असे नऊ चरण! ब्लेसी, मला राहवलं नाही. मी चालीवर वाचायला लागलो, तिसऱ्या आकड्यावर किंचित थांबून. पलीकडून आवाज आला, "सर, आप गा रहे हैं क्या?" तुझ्या आईनं पदर तोंडाशी धरला. मी म्हणालो, "मॅडम, पस्तीस वर्षं मराठी शिकवलंय, सपाट वाचता येत नाही." ती हसली. "सर, मी पण मराठीच आहे. आमचे गुरुजी असेच पाढे म्हणून घ्यायचे. म्हणा, म्हणा."

आम्ही तिघांनी मिळून ते आकडे म्हटले. त्या बाईचं नाव मला माहीत नाही. पण त्या दिवशी बोलून बोलून माझा घसा बसला होता. तुझी मामी गेल्यापासून तसं झालं नव्हतं. इथे घरात मी दिवसाला किती बोलतो ते एकदा मोजलं होतं. दूधवाल्याला "अर्धा", पोस्टमनला "काही आहे?" आणि मांजरीला जे काय ते.

तिनं सांगितलेले सात गट मी कागदावर उतरवले. आई स्वयंपाकघरात चहा टाकायला गेली. मी सहा गट भरले. सातव्यातले पाच आकडे भरले.

शेवटचा आकडा चार होता. मी सात भरला.

इथपर्यंत लिहून मी उठलो होतो. मांजरीला दूध घातलं, दाराची कडी बघून आलो. कडी लागलेलीच होती.

चूक नव्हती ती, ब्लेसी. कागद समोर होता, अक्षर माझंच होतं, चष्मा नाकावर होता. पोरांच्या वह्यांत एक काना चुकला तरी लाल शाईनं गोल करणारा माणूस मी. मला एवढंच दिसत होतं की हा आकडा बरोबर पडला की मशीन नीट होणार. मशीन नीट झालं की पुढच्या गुरुवारी मी कशाला यायचं? पडद्यावर आलं की नंबर बरोबर नाही. आई कप घेऊन आली. "चुकलं का रे?" मी म्हणालो, "त्या बाईनंच चुकीचं सांगितलं असेल." माझ्याबरोबर पाढे म्हणणाऱ्या त्या भल्या बाईवर मी ढकललं. म्हणालो, "बघू पुढच्या गुरुवारी."

पुढच्या गुरुवारी म्हणालो, लाइन लागत नाही. त्याच्या पुढच्याला म्हणालो, कागद शिरूरला राहिला. कागद खिशात होता. पडद्याच्या कोपऱ्यात रोज एक दिवस कमी होत होता. अकरा राहिले, चार राहिले. सप्टेंबरच्या नऊ तारखेला गेलो, तर अक्रम म्हणाला होता तसं दार लागलेलं. चालू केलं की एकच प्रश्न यायचा, नंबर टाकता का? नाही म्हटलं की बाहेर. आई म्हणाली, "अक्रमला बोलवू का?" मी म्हणालो, "त्याला हात लावू देऊ नकोस, परत सगळं पुसून टाकील. मी बघतो ना." बाजारपेठेतल्या सायबर कॅफेत चल, असं महिला मंडळातली मुक्ताबाई म्हणाली होती, तर आई म्हणाली, लेकीचं पत्र मी चारचौघांत बसून वाचायची नाही.

अशा रीतीनं दहा गुरुवार. मी पेचकस घेऊन मागचं झाकण उघडायचो, धूळ फुंकायचो, झाकण लावायचो. मग जेवण. एडविनरावांची रेल्वेतली शिट्टी अजून खुंटीला आहे, तिच्याखाली आमची पानं मांडलेली असायची. जुन्या कविता मी म्हणायचो, आई चुकलेला शब्द सांगायची. तिला माझ्यापेक्षा जास्त पाठ आहेत, तुला ठाऊक नसेल. शाळेत तिचाच नंबर वर असायचा.

आता खरं वाईट ते लिहितो. एका गुरुवारी ताट वाढता वाढता ती थांबली. मशीनवर तिनं भरतकामाचं फडकं घातलेलं असतं, तिकडे बघून म्हणाली, "ब्लेसीचं काही आलं असेल का रे आत?"

मी म्हणालो, "काही आलं नसेल."

भात वाढून ती आत गेली. तिला त्या दिवशी मी कविता म्हटलेली ऐकू आली नसावी. पुढच्या गुरुवारी तिनं विचारलं नाही. त्याच्या पुढच्या गुरुवारीही नाही. माझ्या मनात आलं, पूर्वी पंधरा-पंधरा दिवस पत्र येत नव्हतं, माणसं जगतच होती. असं मी स्वतःला म्हणत राहिलो.

गेल्या गुरुवारी दगडवाले सोपानराव आले होते. कबरीवर दगड बसवायचा आहे ना, सोळा जानेवारीला वर्ष होतंय. त्यांनी विचारलं, "बाई, खाली कुणाची नावं घालू? पत्नी, आन् लेक?" तुझ्या आईनं त्यांच्या हातची मोजमापाची चिठ्ठी घेतली. मग म्हणाली, "लेकीला विचारायला पाहिजे. तिला आपलं नाव घालायचं असेल का नसेल." सोपानराव गेले. ती तिथेच ओसरीवर बसून राहिली, हातात ती चिठ्ठी.

मी आत गेलो. फोन लावला. या वेळी पलीकडे कुणी तरुण मुलगा होता, घाईतला. मी आकडे सपाट वाचले. त्यानं सांगितलेले लिहून घेतले, भरले, शेवटचाही. दार उघडलं. इतकं सोपं होतं.

लाइन लागली आणि तुझी पत्रं एकामागून एक उतरायला लागली. नऊ. आई खुर्चीत बसली आणि पहिल्यापासून वाचू लागली. मी तिच्या पाठीमागे उभा होतो, वाचायचं नव्हतं तरी दिसलं. सप्टेंबरात तू विचारलं होतंस, "दगड बसवताना मी आले तर चालेल का?" ऑक्टोबरात पुन्हा तेच. मग "आई, हो नाही तर नाही, पण लिही." आणि शेवटचं, दहा नोव्हेंबरचं. "उत्तर नाही हेच उत्तर समजते. सोळाला मी येत नाही. हा पत्ता बंद करते."

आईनं तेव्हाच दोन ओळी लिहिल्या. एका बोटानं, चष्मा न लावता. त्या परत आल्या. तिनं फडकं परत मशीनवर घातलं आणि म्हणाली, "बिघडलं नसतं तर." मी पिशवी उचलली. चारची गाडी धरून परत आलो. न्हावऱ्याला गाडी थांबली तेव्हा डोळे मिटून बसलो होतो.

तुझ्या आईनं तुला "नको" म्हटलेलं नाही, ब्लेसी. तिच्यापर्यंत तुझा प्रश्न पोहोचलाच नव्हता. तो मी मध्ये अडवून धरला होता, जेवायला मिळावं म्हणून, कुणीतरी समोर बसावं म्हणून.

हे पत्र मी पाकिटात घालून चिकटवणार नाही. गुरुवारी उघडंच दौंडला नेऊन आईच्या हातात देणार आहे. तिनं वाचल्याशिवाय ते पोस्टात पडणार नाही.

दौंड,
गुरुवार, दि. २५ नोव्हेंबर

आईच्या टेबलावर बसून लिहितो आहे.

तिनं वाचलं. ओसरीवर उजेडात नेऊन, दोनदा. स्टेशनात कुठली तरी मालगाडी लांबलचक जात होती, ती जाईपर्यंत मान वर केली नाही. मग म्हणाली, "दादा, तुला यायचंच होतं तर यायचं की. मशीन कशाला बंद ठेवायचं?"

एकाहत्तर वर्षांत एवढं साधं वाक्य मला सुचलं नव्हतं.

"आन् तू म्हणालास, काही आलं नसेल," ती म्हणाली. मी मान हलवली. "तोंडावर म्हणालास. मी भात वाढत होते."

ती आत गेली. चहा आला नाही. मी खुंटीवरच्या शिट्टीकडे बघत बसलो. बऱ्याच वेळानं बाहेर आली ती पाकीट आणि पेन घेऊन. माझ्याकडून तुझा पत्ता मागून घेतला आणि स्वतः लिहायला बसली. शाळेतल्यासारखं, जीभ दाताखाली धरून, एकेक अक्षर दाबून. "आतलं तुझं असू दे. वरचं मी लिहिते." म्हणजे हे पाकीट तुझ्या हातात पडलं तेव्हा वरचं अक्षर तू आधीच ओळखलं असशील.

सोपानरावांना तिनं सकाळीच निरोप धाडला होता, मी यायच्या आधी, हे वाचायच्याही आधी. दगडावर दोन्ही नावं घालायला सांगितली आहेत. सोळा जानेवारी, सकाळी दहा. मुंबईहून कुठली गाडी दौंडला थांबते ते तुला माझ्यापेक्षा जास्त माहीत, रेल्वेवाल्याची मुलगी तू.

पुढच्या गुरुवारचं ती काही बोलली नाही. मीही विचारलं नाही. आता पत्र पोस्टात टाकून चारची गाडी धरतो.

सोळाला मी शिरूरहून येईन. बोलावलं नाही तर मागे, कबरस्तानाच्या फाटकापाशी उभा राहीन. तू माझ्याशी बोललं पाहिजेस असं नाही. आईजवळ उभी राहा, एवढंच.

सगळे आकडे बरोबर भरून एकच मुद्दाम चुकवलेला,
तुझा एबनेझर मामा