दुसऱ्यांदा ओतलेलं आम्ल

ग्राइफ्सवाल्ड,
१४ नोव्हेंबर २०१७ (मंगळवार असावा)

प्रिय रोस्विता,

तुझी तब्येत बरी असेल. गुडघा कसा आहे? माझं ठीक चाललंय. उजव्या मनगटाला पट्टी आहे, म्हणून अक्षर असं.

वर्गात भाजलं. पाच आठवडे झाले. नववीला दरवर्षी दाखवते तोच प्रयोग: चंचुपात्रात साखर, वरून तीव्र सल्फ्युरिक आम्ल. ते साखरेतलं पाणी तोडून घेतं आणि उरतो नुसता कोळसा, वाफेने फुगत वर येणारा. सव्वीस वर्षांत कधी थेंब सांडला नव्हता.

या वेळी पाहते तर साखर पिवळी पडलेली. मला वाटलं, कुणीतरी जुनी साखर काढून ठेवलीय. मी आम्ल ओतलं.

"बाई, ओतलंत की मघाशीच!" योरिंडे नावाची मुलगी ओरडली.

"गप्प बस. वात्रटपणा नको."

तेवढ्यात काळा खांब भसकन वर आला, काठावरून टेबलावर. मी तो हातानेच आवरायला गेले. हातमोजा कधी काढला होता, कोण जाणे. योरिंडेने मला ओढत नळाखाली नेलं आणि माझा हात पाण्यात धरून उभी राहिली. "खरंच ओतलं होतं हो, बाई," म्हणत रडत होती. जणू चूक तिचीच.

मला अजूनही ते पहिलं ओतणं आठवत नाही. सगळ्या वर्गाने पाहिलं, म्हणजे ओतलं असणार. पण मग तेव्हा मी कुठे होते?

डॉक्टरीणबाईंनी भाजलेलं पाहिलं आणि उगाच घड्याळाचं चित्र काढायला लावलं. उगाच नाही. मीच त्यांना माझ्या विसरण्याबद्दल विचारलं होतं. माझे आकडे सगळे एका बाजूला गेले. आपल्या बाबांचेही तसेच जायचे ना? तू फोनवर सांगितलं होतंस. मी म्हणाले होते, "तू फार बाऊ करतेस." चार वर्षं तू एकटीने त्यांना अंघोळ घातलीस, भरवलंस, आणि मी सुट्टीतसुद्धा फिरकले नाही. शाळेची कामं आहेत म्हणायचे. कामं नव्हती. त्यांनी मला ओळखलं नाही तर, याची भीती वाटायची.

सगळ्या तपासण्या झाल्या. तोच आजार आहे.

मी काही तुझ्याकडे राहायला येणार नाही. म्हणजे, यावंसं वाटतं. पण कोणत्या तोंडाने विचारू, तेच कळत नाही.

तू मला कधी एका शब्दाने बोलली नाहीस. रागवायचं राहिलं असेल तर आता रागव, मला समजतंय तोवर.

तुला अजून ओळखणारी,
हिल्ट्रूड