भिंगरीची तपासणी लांबली त्याची हकिकत

तीर्थस्वरूप मामा,

वाकून नमस्कार. (पाठ धरली आहे, तेव्हा जेवढा वाकलो तेवढा गोड मानून घ्यावा.) तुमचा खोकला कसा आहे? मामींचा फोन आला तेव्हा मागे तो खणखणीत ऐकू येत होता, म्हणजे प्रकृतीत जोर आहे.

आमची भिंगरी, म्हणजे तुमची नात, बोलायला लागली की वकिलाला गप्प करील. पण पुस्तक उघडलं की मुकी. शाळेतल्या बाई म्हणाल्या, तज्ज्ञांची तपासणी झाली की तिला मदतीला वेगळ्या शिक्षिका मिळतील, पेपराला जादा वेळ मिळेल. अर्ज केला तेव्हा ती दुसरीत होती, आता चौथीत आहे. (मी शिंपी माणूस. मापं घ्यायला मी एवढा वेळ लावला, तर शिवलेलं गिऱ्हाइकाच्या धाकट्या भावाला घालावं लागेल.) कधी तज्ज्ञ बाई रजेवर, कधी खोलीला रंग, एकदा तर खोली होती, बाई होत्या, पण किल्लीवाला लग्नाला गेलेला. दर वेळी आम्ही बाहेरच्या बाकावर आणि भिंगरी कोपऱ्यातल्या लाकडी ठोकळ्यांच्या कोड्यापाशी. शिपाईबाई तिला 'आमच्या जुन्या कर्मचारी' म्हणू लागल्या.

अखेर गेल्या आठवड्यात आत बोलावलं. बाई चांगल्या, पण दमलेल्या. कपाटातलं कोडं सापडेना, म्हणून त्यांनी बाहेरचंच मागवलं. भिंगरीनं ते डोळे मिटून लावलं. (शब्दशः.) बाई खूश. मग भिंतीवरची सूचना वाचायला सांगितली. शिपाईबाई येणाऱ्या-जाणाऱ्याला तीच ऐकवत असतात. पठ्ठीनं 'शांतता राखा'पासून 'हुकुमावरून'पर्यंत घडाघडा म्हणून दाखवली. 'अडचण नाही' असं लिहायला बाईंनी पेन टेकवलं आणि मी आनंदानं उठलो. (मी एक गाढव.) पण तुमच्या सूनबाई जागच्या हलल्या नाहीत. म्हणाल्या, "बाई, मध्येच कुठंतरी बोट ठेवा आणि मग विचारा."

बाईंनी बोट ठेवलं.  भिंगरी फ्रॉकची शिवण उसवत बसली (टीप माझी, उसवेना). मग हळूच म्हणाली, "अक्षरं हलतात. मी थांबा म्हणते, पण ऐकतच नाहीत."

मामा, बाईंनी पेन ठेवलं, टेबलाला वळसा घालून खाली तिच्याशेजारी बसल्या आणि म्हणाल्या, "हे तुला कुणी आधीच विचारायला हवं होतं गं." माझा दोन वर्षांचा राग तिथल्या तिथं उतरला. मग त्या म्हणाल्या, "आता मोठी चाचणी मोठ्या केंद्रावर," तेव्हा तो परत चढला.

बाकी सगळं ठीक. मामींना नमस्कार.

तुमचा भाचा

ता.क. मोठं केंद्र तुमच्या घरामागच्या गल्लीत आहे. लवकरची तारीख देत नाहीत. कुणी आलं नाही की जवळपास असेल त्याला आत घेतात. तेव्हा आम्ही जवळपास राहावं म्हणतो. म्हणजे तुमच्याकडे. फोनवर विचारलं असतं तर तुम्ही लगेच नाही म्हणाला असता. पत्रात तेवढी सोय नाही.

आणखी ता.क. शिलाई मशीनही आणतोय. आवाजाची सवय होते.

शेवटचं ता.क. मागच्या बाजूला भिंगरीनं तुमचं चित्र काढलंय. खाली 'मामाआजोबा' तिनंच लिहिलंय. 'ज' उलटा पडलाय, पण अख्खी दुपार त्यात गेली, म्हणून तसाच राहू दिला. चित्रात तुम्ही दारात हात पसरून उभे आहात. ती म्हणते, आजोबा कवेत घेतायत. हिला वाटतं, अडवतायत. खरं काय ते कळेलच; आमची गाडी शुक्रवारी सकाळी पोचते.