शपथेवरची माणसं

६ सप्टेंबर

आले एकदाची. सकाळी विचिटाहून निघाले आणि जेवायच्या वेळेला प्रॉस्पर गावात. गाडीने कुरकुर केली नाही, मीही केली नाही. टॅरो काउंटी म्हणजे कुणीतरी पट्टी घेऊन चौकोन आखला आणि आत काय भरायचं ते विसरून घरी गेला. टेकडी नाही, झाड नाही. नदी आहे असं पाटी सांगते. पुलावरून खाली बघितलं तर नदीत गाई बसलेल्या.

पण घर झकास. छप्पर नवं, नळाला पाणी, परसात कपडे वाळत घालायच्या दोरीचे खांब. सगळं फुकट. इथली माणसं मरतात नाहीतर निघून जातात, म्हणून बाहेरच्यांना रिकामी घरं वाटतात. अट एवढीच की वर्षभर राहायचं आणि त्यांच्या संस्थापक दिनाला एक सोंग घ्यायचं. नोरीन फोनवर कटकट करत होती की आई, फुकट कोण काय देतं का. मी म्हटलं, तुझ्या नवऱ्याच्या तळघरात बुरशीबरोबर राहण्यापेक्षा हे बरं. लेक माझी गुणाची आहे, पण काळजीचं दुकान.

शेजारीण येऊन गेली, मार्डेल स्टकी. माझ्याच वयाची, केसांचा मनोरा केलेला. ट्यूना-शेवयांचा भाजलेला डबा आणि हिरव्या जेलीत किसलेलं गाजर. माणसाने जेलीत गाजर का घालावं? ती गेल्यावर मोरीत ओतलं.

माझा नवरा गस असता तर खूष झाला असता. तो गेला, लाँड्री विकली, पण रोज दोन ओळी खरडायची सवय सुटत नाही. कुठलं मशीन गळतंय, कोण मोजे विसरलं. आता मशीन नाही, तर काउंटी लिहिते.

९ सप्टेंबर

कोर्टाची इमारत बघितली. गाव मूठभर आणि कोर्टाला घुमट. मार्डेलचा भाऊ वेल्डन तिथला कारकून. त्याने मला खुर्चीत बसवलं आणि इतिहास पाजला. उठावं म्हटलं तर प्रत्येक वेळी कॉफी ओतायचा.

इतिहास असा. पूर्वी सरकारकडून काउंटीचा, म्हणजे वेगळ्या जिल्ह्याचा, दर्जा मिळवायला सहाशे माणसं लागायची. इथे होते तीन-चार डझन लोक, मातीच्या ढेपांच्या घरात कुडकुडत. मग दोघांनी एका हिवाळ्यात व्हिस्की घेऊन बसून बाकीची माणसं मनानेच बनवली. नाव, वय, धंदा, कोण कुठला, कोण लंगडा. सरकारने मान्य केलं, कर्ज मिळालं, घुमट झाला.

म्हणजे लबाडी, मी म्हटलं. वेल्डन दुखावला. म्हणाला, "बाई, लबाडी कशी? बायबलवर हात ठेवून शपथ घेतली होती त्यांनी." मला हसू आवरेना. चोर ते चोर आणि वर देवाला साक्षीला बोलावतात! त्याचा चेहरा असा झाला, जणू मी त्याच्या आजीला शिवी दिली.

१३ सप्टेंबर

मला सोंग मिळालं. ड्रुसिला थार्प. वेल्डनने तोंडपाठ म्हणून दाखवलं. वय एकसष्ट, विधवा, मूळची ओहायोची, टोप्या शिवणारी, डाव्या कानाने बहिरी. इथल्या शेंबड्या पोरांनाही ती सहाशे नावं पाठ. पाढे येत नाहीत.

जेवणाच्या हॉटेलात लगेच सुरू झाले. "या थार्पबाई, बसा थार्पबाई, टोपी शिवून द्या की आमच्या बैलाला!" मी म्हटलं, बैलाला आधी हजामत करून येऊ दे. सगळे हसले. बरे आहेत तसे. रिकामटेकडे, पण बरे.

२२ सप्टेंबर

झाला एकदाचा तो संस्थापक दिन. कोर्टाच्या पायऱ्यांवर सगळी काउंटी. बायका झालरीच्या टोप्यांत, पुरुष गळपट्ट्यात गुदमरलेले. बाजा बेसूर. एकेकाने बायबलवर हात ठेवायचा, सोंगाचं नाव घ्यायचं आणि म्हणायचं, मी इथे राहतो. झालं. एवढ्यासाठी सगळी दुपार उन्हात.

माझी पाळी आली तेव्हा पाय दुखत होते. म्हटलं, मी ड्रुसिला थार्प, मी इथे राहते, आता सरका. कुणी टाळी वाजवली नाही. सगळ्यांनी नुसता श्वास सोडला, खूप वेळ धरून ठेवल्यासारखा. मार्डेलच्या डोळ्यांत पाणी. मला म्हणाली, "किती वर्षं ती जागा रिकामी होती गं!" नौटंकी नुसती.

२९ सप्टेंबर

सोंग संपून आठवडा झाला तरी मला थार्पबाईच म्हणतात. पोस्टात, दुकानात, चर्चमध्ये. मी ओपल फर्बर, फर्बर म्हणून ओरडले तर पाद्री म्हणतो, "हो हो, थार्पबाई." दोन वेळा सांगितलेलं कळत नाही अशी माणसं काउंटी चालवतात.

डावा कान बसलाय. मळ असणार. कोमट तेल घातलं.

मार्डेलने पुन्हा ती गाजराची जेली आणली. बसून सगळी संपवली. वाडगंही चाटलं. काय झालं होतं मला?

४ ऑक्टोबर

तेलाने काही झालं नाही. कानात आवाजच नाही, भिंत आहे.

मार्डेलबरोबर जर्दाळू उकळत होतो मुरंब्याला. तिने बाह्या वर केल्या. दंडावर गोंदलेलं, एक हृदय आणि आत बॉबी. मी चेष्टेने विचारलं, कोण गं हा बॉबी, नवऱ्याला ठाऊक आहे का? ती दंडाकडे बघत राहिली. मग म्हणाली, "काय माहीत. ते हाताबरोबरच आलं."

मी हसले. ती हसली नाही. डाव फिरवत होती, फिरवतच राहिली. पुढे म्हणाली की ती मॉन्टाना का कुठून आली होती म्हणतात. "म्हणतात" म्हणाली. स्वतःबद्दल.

दारू पीत असेल. इथे दुसरं करायचं काय.

८ ऑक्टोबर

वाचनालयात कार्ड काढायला गेले. सही कर म्हणाली मुलगी. पेन टेकवलं आणि हाताने फुली काढली. दोन रेघा, आडवी-उभी. मी बघत होते आणि हात काढत होता. दुसऱ्यांदा पुन्हा फुलीच.

वेल्डन तिथेच पेपर चाळत होता. उठून आला, माझी पाठ थोपटली, म्हणाला, "अहो ते सांगायचं राहिलंच. ड्रुसिलाच्या नावापुढे खूण होती. लिहिता-वाचता येत नाही म्हणून."

त्याची कॉलर धरली मी. एकसष्ट वर्षांच्या बाईला शोभत नाही म्हणाला. मी अडुसष्टची आहे. आहे ना? गस यंदाच सत्तरचा होऊन गेला, मी दोन वर्षांनी लहान. अडुसष्ट.

घरी येऊन ही वही उघडली. अक्षरं येतायत. हळू, पण येतायत.

११ ऑक्टोबर

आज मार्डेलला सरळ विचारलं. तिने तितकंच सरळ सांगितलं, कपडे वाळत घालताना, तोंडात चिमटे धरून.

त्या दोघांनी देवासमोर सांगितलं की ही सहाशे माणसं इथे राहतात. दुष्काळ पडला, टोळ आले, पोरं मेली. लोकांना कळलं की शपथ खोटी आहे म्हणून होतंय हे. मग काय करायचं? काउंटी परत द्यायची? घुमट परत द्यायचा? त्यापेक्षा शपथ खरी करायची. बाहेरून माणूस येतो, शपथ घेतो, जागा भरते. "आम्ही खोटारडे नाही गं," म्हणाली. "देवभीरू माणसं आहोत."

मी म्हटलं, मेल्यांनो, खोटं बोललात तर बोललात, माफी मागायची आणि मोकळं व्हायचं! तिला हे सुचलंच नव्हतं. सव्वाशे वर्षांत एकालाही सुचलं नाही. तिने चादर झटकली आणि म्हणाली की आता बरीचशी भरलीत, थोडीच उरलीत. मग ओळखीचं काही सांगावं तसं म्हणाली, "तुला एक लेक पण आहे ना? ड्रुसिलाला आहे. कीझिया. तिची जागा अजून रिकामी आहे."

मी घरात येऊन दार लावलं.

नोरीनला इथे येऊ द्यायचं नाही. बाकी माझं काय व्हायचं ते होवो.

१३ ऑक्टोबर

पळाले. गावातून सरळ पूर्वेला, चौकोनाच्या कडेपर्यंत. कडेची पाटी दिसत होती. पाटीवर अक्षरांच्या जागी नुसत्या मुंग्या. आणि पाय — खाली बघितलं तर दोन पट्ट्या, एक लांबट, एक रुंद. कुठली दाबायची? पन्नास वर्षं गाडी चालवतेय आणि पायांना माहीत नाही. माझ्या मांडीखाली हे धडधडणारं लोखंड कसलं म्हणून मी किंचाळले. बाळंतपणातही मी असं किंचाळले नव्हते.

गाडी चरात. ट्रॅक्टरवाला आला, टोपी काढली. "थार्पबाई, घोडा बुजला का?" ओढत परत आणलं. पैसे घेतले नाहीत. सभ्य आहेत. मला या सभ्यपणाची किळस येते.

१५ ऑक्टोबर

नोरीनला फोन केला. म्हणायचं होतं, काही झालं तरी येऊ नको. तोंडातून निघालं, ये गं पोरी, जागा पुष्कळ आहे. आवाज माझा नाही. ओहायोचा हेल. नोरीन घाबरली, कोण बोलतंय, माझ्या आईला द्या म्हणाली. मी फोन आपटला. पुन्हा लावला तर पुन्हा तेच तोंड, तेच ये गं पोरी.

तिने मार्डेलला फोन केला असणार. मार्डेल आनंदाने सांगत आली, शनिवारी येतेय म्हणे लेक. काळजीचं दुकान. कशाला दिला मी तिला मार्डेलचा नंबर!

पत्र टाकलं तर आठवड्याने पोचेल. उपयोग नाही.

तोंड गेलं. पाय गेले. हात आहे. थार्पबाई वहीला हात लावत नाही, तिला अक्षराची भीती वाटते. वही उघडली की ती मागे सरकते, मला कळतं. म्हणून लिहीत बसलेय. आठवीपर्यंतच शिकले पण बाई, तुला तेवढंही नाही.

१७ ऑक्टोबर

सकाळी टोपी शिवलेली होती. झालरीसकट. मी शिवली नाही.

गसचं आडनाव — फर्बर. फर्बर. लिहून ठेवते. नाक वाकडं होतं का त्याचं? शिट्टी वाजवायचा. का तो दुसरा कोण —

माझा नवरा सिलास थार्प पटकीने गेला. हे मी लिहिलं नाही. म्हणजे लिहिलं मीच, पण

१८

अक्षर मोठं झालंय. पोरासारखं. एक ओळ लिहायला सकाळ जाते.

मार्डेल घर झाडून गेली. खाटेवर दुसरी उशी. कीझियासाठी झालरीची टोपी. माझ्याच हाताची.

दार लावलं तर ती खिडकीतून हसते. काय मूर्ख हसणं. सगळी काउंटी असं हसते.

१९

देवा शपथ खोटी होती. मी खोटं बोलले. मी इथे राहत नाही. माफी माग

मागते. कुणी ऐकत नाही. की कान

शनिवार

धूळ दिसते. रस्ता सरळ, लांबून दिसते. निळी गाडी. तिचीच.

मार्डेल फाटकात, वाडगं घेऊन. वेल्डन. पाद्री. बायबल.

मी उठतेय. मी उठत नाहीये. ती उठतेय. दार उघडायला. हात अजून माझा. एका हाताने टेबल धरलंय.

पान फाडून काचेला लावते. मोठं लिहिते.

नोरीन गाडी थांबवू नको

मागे जा

दारातली बाई तुझी आई ना