ठणठणीत कानांचा दाखला

४ मार्च
वार्षिक कान-तपासणी सोळा तारखेला. कारखान्याच्या गेटवर तपासणीची गाडी येणार. नापास झालेल्याची हॅमर शॉपमधून थेट स्टोअरमध्ये बदली. म्हणजे सव्वीस वर्षं तापलेलं लोखंड ठोकलेल्या माणसाने स्टुलावर बसून नट-बोल्ट मोजायचे. आपल्याला काय त्याचं? आपले कान ठणठणीत.
संकल्प: उद्यापासून कानांवर आवाज अडवणारे मफ. नियमित.

५ मार्च
मफ लावले. घाम फार येतो. शिवाय हॅमर नीट पडतोय की नाही, तेच कळेना. दहा मिनिटांनी गळ्यात अडकवले. सुपरवायझरला लांबून दिसतात, पुरे.

७ मार्च
ही म्हणाली, टीव्ही जरा बारीक करा, शेजारी येऊन सांगून गेले. हल्लीच्या टीव्हीला आवाजच नसतो, त्याला मी काय करू? लेकीलाही फोनवर तोंडातल्या तोंडात बोलायची सवय लागलीय. एवढी शिकलेली मुलगी! मी आपला हो-हो म्हणतो. तिचंही समाधान, माझंही.

१० मार्च, सकाळी
कानात शिट्टी वाजते. किटलीची समजून दोनदा गॅस बंद केला. पाणी कोमटसुद्धा झालं नव्हतं.
ही चिडेल असं वाटलं. नाही चिडली. मला खुर्चीत बसवलं, चेहरा समोर आणला आणि सावकाश म्हणाली, अहो, तुमचे कान गेलेत, मला कळतं ते. म्हणून तर मी रागवत नाही, एकच गोष्ट दहादा सांगते.
काहीतरीच मनाचं काढते. पण मायेने बोलली, म्हणून वाद घातला नाही.

१५ मार्च
मफ घरी विसरलो. उद्या तपासणी, आज एका दिवसाने काय होतंय?

१६ मार्च
तपासणी झाली. काचेची खोली, कानांवर हेडफोन, हातात बटण. आवाज आला की दाबायचं. बराच वेळ काहीच नाही. हेडफोन बिघडलेला असणार, सरकारी काय नि खाजगी काय, सगळीकडे हीच बोंब.
मग लक्षात आलं. काचेपलीकडे तपासणीवाली बाई आवाज सोडते, तेव्हा तिचं कोपर किंचित हलतं. कोपर हललं की मी बटण दाबलं. मधूनमधून एखादं मुद्दाम सोडलं, म्हणजे संशय नको. याला फसवणूक म्हणत नाहीत. निरीक्षण म्हणतात.

१९ मार्च
दाखला आला. नॉर्मल! सुपरवायझरने पाठ थोपटली. घरी येऊन कागद हिच्यापुढे ठेवला. घे म्हटलं, बहिरा म्हणत होतीस ना? सगळं ऐकू येतं मला, पहिल्यापासून.
तिने दोनदा वाचला. घडी घातली. जेवण वाढलं.

२४ मार्च
घर कसं निवांत. टीव्हीबद्दल अवाक्षर नाही, कुरकुर नाही, एक गोष्ट दहादा नाही. कागदाचा धाक असतो तो असा.

२७ मार्च
लेकीचा मेसेज. बाबा, आई आठ दिवस तुमच्याशी बोलत नाहीये, तुम्ही एकदाही विचारलं नाहीत. ती म्हणते, इतकी वर्षं यांना बहिरे समजून मी सांभाळून घेतलं, आणि यांना सगळं ऐकू येत होतं. म्हणते, माझी आई गेल्याचा फोन आला तेव्हा मी हाका मारत होते, हे बाजूच्या खोलीत पेपर वाचत बसले होते.
आठ दिवस. माझ्याच घरात. आणि मला पत्ता नाही.
तो फोन मला आठवतो. हाका नाही आठवत. हाका आल्याच नाहीत माझ्यापर्यंत.

२८ मार्च
दिवसभर विचार केला. खरं सांगितलं आणि बाहेर फुटलं तर स्टोअर. नाही सांगितलं तर ही.
संध्याकाळी स्वयंपाकघरात गेलो. ती पाठमोरी भांडी घासत होती. सगळं सांगून टाकलं, कोपराचं, बटणाचं. मला ऐकू येत नाही गं, म्हणालो. आयुष्यात पहिल्यांदा. बहुतेक ओरडूनच बोललो असेन.
तिने नळ बंद केला. वळली नाही. मग बोलायला लागली. मागून गाल हलताना दिसत होता. पुष्कळ बोलली. मधे एकदा पदराने डोळे पुसले. माफ केलं म्हणाली की आता पुरे झालं म्हणाली, देव जाणे. एक शब्द कळला नाही.
काय म्हणालीस, असं आज तरी विचारवेना.
मी हो म्हणालो.