आत एक पाचर असते

विहीणबाईंना उभ्यानेच नमस्कार. वाकून करायचा होता, पण माझी कंबर सध्या तसं करू देत नाही. तुमचे गुडघे कसे आहेत? व्याह्यांचा खोकला गेला की अजून मुक्कामालाच आहे? आम्ही बरे आहोत. (तुमची लेक जरा वाळलीय, पण ती स्वतःच्या मर्जीने. मी उपाशी ठेवते असं मनात आणू नका.)

तर झालं असं, की डॉक्टरीण म्हणाली, आजी, सायकलवर वाकून बसायचं नाही. हँडल वर घ्या, नाहीतर सायकल सोडा. तुमचे जावई शेजारीच उभे. त्यांनी एवढं ‘सोडा’ ऐकलं, पहिलं वाक्य ऐकलंच नाही. महिनाअखेरीला भंगारवाला येतो, त्याला देऊन टाकू म्हणाले. सायकल ह्यांची, पण आठवणबिठवण म्हणून मी जपत नाही. ते हिच्यावरून तीनदा पडले आणि तिन्ही वेळा मलाच बोलले. पण शिवलेले कपडे घरोघर पोचवायचे ते मी हिच्यावरूनच. सायकल गेली की मुलाची गाडी. म्हणजे तो रिकामा होईपर्यंत दारात पिशवीसारखं बसून राहायचं.

जुनं हँडल जेवढं वर येतं तेवढं आधीच घेतलेलं. म्हणून मी आणि नात (आपली दोघींची, हट्टात तुमच्यावर गेलेली) सायकलच्या दुकानात गेलो. उंच हँडल होतं, पण नव्या तऱ्हेचं. दुकानदार म्हणाला, “आजी, जुन्या सायकलीत हँडलची दांडी पुढचं चाक धरणाऱ्या चिमट्याच्या नळीच्या आत जाते. नव्यात हँडलची मान नळीला बाहेरून मिठी मारते. यांचं जमायचं नाही. नवी सायकलच घ्या.” मी म्हटलं, “तुझ्या आईला गुडघा दुखला की नवी आई आणतोस का रे?” तेव्हा कुठे त्याने खालच्या खणातून एक तुकडा काढला. खालचा भाग जुन्यासारखा, नळीच्या आत जाणारा. वरचा नव्यासारखा, बाहेरून मिठी मारून घेणारा. विहीणबाई, मी तो हातात घेऊन बघतच राहिले. दोघांनाही न दुखवता मध्ये उभा! असं एक माणूस आपल्या घरात असतं तर लग्नात मानपानावरून आपण दोघी बोललो ते बोललो नसतो.

घरी आलो. जुनं हँडल निघेना. नातीने चाक गुडघ्यांत दाबून ओढलं, मी मागून नातीला ओढलं. शेवटी ती मोबाइलमध्ये बघून म्हणाली, “आजी, वरचा बोल्ट थोडा सैल करायचा आणि त्याच्या डोक्यावर हातोडी मारायची.” मी म्हटलं, “अगं, वर काढायचंय आणि खाली काय ठोकतेस?” तिला मारवेना, मग मीच हाणली. आत टक्‌ झालं आणि मुळा उपटावा तसं हँडल हातात आलं. दांडीच्या टोकाला अंगठ्याएवढी तिरकी पाचर. बोल्ट आवळला की ती वर सरकते आणि नळीला आतून घट्ट दाबते. बस्स. खिळा नाही, वेल्डिंग नाही. एवढी वर्षं मी, कपड्यांची गाठोडी आणि पडायच्या आधीचे हे, सगळे त्या तुकड्याच्या भरवशावर फिरत होतो, आणि त्याने कधी तोंड वर काढून ‘मी आहे’ म्हटलं नाही! मी तर खाली बसले. (बसले ती कंबर धरल्यामुळे, पण बसून बघितलं ते पाचरीकडेच.)

मग दुकानातून आणलेला तो तुकडा (त्यालाही खाली अशीच पाचर) आत घातला, वर नवं हँडल, बाहेरचे चकचकीत बोल्ट सगळे आवळले, टोपी लावली. काय रुबाब! मी लगेच बसले. वळणावर हँडल डावीकडे वळवलं. हँडल वळलं, मीही वळले, पण चाकाचं मत वेगळं होतं. ते सरळ कुंपणात. पाचरीचा बोल्ट त्या टोपीखाली असतो, तोच आवळायचा राहिला होता. दिसणारं सगळं आवळलं आणि धरणारं विसरलो. नातीने टोपी काढून तो आवळला. आता चाक पायांत धरून हँडल कितीही पिळा, हलत नाही. पाठ ताठ ठेवून बसते, रस्ता दिसतो, लोकांच्या खिडक्या दिसतात.

तुमच्याकडून काही नको. सहज लिहिलं. व्याह्यांना नमस्कार.

ता. क. एकच. जावयांना फोन करून सांगा, सायकल विकायची नाही. आईचं ऐकत नाहीत, पण सासूचा फोन आला की उठून उभे राहतात. मीच तुम्हाला फोन केला असता, पण माझ्या फोनला इथे घरभर कान असतात.

ता. क. दुसरा. वर ‘कुंपण’ लिहिलंय ती त्यांची गाडी होती. दाराला पोचा आलाय आणि त्यांनी शेजाऱ्याशी अबोला धरलाय. हे फोनवर काढू नका. शेजारी तसाही बोलण्यासारखा नाही.

ता. क. शेवटचा. पत्र टाकायला सायकलवरूनच निघालेय, उतारावरच्या पेटीत. पत्र मिळालं तर पाचर धरून आहे असं समजा आणि फोन करा. मिळालं नाही, तर मात्र अजिबात वेळ घालवू नका, लगेच करा.