यंदा नाताळात तारकर्ली

॥ श्री ॥
पडेगाव, छत्रपती संभाजीनगर
दि. २४ नोव्हेंबर २०२५

ती. आक्कास,
धाकट्या सत्यशीलेचा शि. सा. न. वि. वि.

इकडं सगळे खुशाल. तुझं कानाचं यंत्र अजून डब्यातच आहे, असं परवा तुझे शेजारी शौकतभाई सांगून गेले. म्हणजे फोनवर ओरडून घसा बसवण्यात अर्थ नाही. आणि बातमी अशी आहे की ओरडले तर सगळं पडेगाव गोळा होईल. आक्का, आम्ही समुद्रावर चाललो!

अंगदची कंपनी नाताळात आठ दिवस बंद. ज्ञानूनं नाशिकच्या दवाखान्यात साहेबांच्या मागं लागून सुट्टी काढली. मग दोघा बहीणभावानं मला न विचारता तारकर्लीला समुद्राकाठचं घर ठरवून टाकलं. देवाला नाय, लग्नाला नाय, कुणाच्या दहाव्याला नाय, नुसतं खेळायला जायचं! पंचावन्न वर्षांत असं पहिल्यांदाच.

गुलमंडीत जाऊन मोठ्या काठाची टोपी आणली. ती घालून भाकरी थापत होते, तर दूधवाला दारातच थबकला. ज्ञानू म्हणते पाण्यात साडी चालणार नाय, पंजाबी ड्रेस घे. मी तर दोन घेतले, एक ओला असंल तेव्हा दुसरा. अंगदनं यादी केलीय, तिच्यात माझ्या लोणच्याचं नाव नाय, म्हणून मी माझी वेगळी यादी केली.

ह्यांचं म्हणणं, पाणीच बघायचं तर जायकवाडीला चला, डबा घेऊन जाऊ, संध्याकाळी घरी. तू पण चल ना आक्का. गाडीत जागा आहे.

माया पातळ होऊ देऊ नको.
तुझी,
सत्यशीला


पिशोर
दि. २ डिसेंबर २०२५

चि. सौ. सत्यशीलेस,
पुतळाबाईचे अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. शौकतच्या आफरीननं मोठ्यानं वाचून दाखवलं, मग मी चष्मा लावून परत वाचलं, कारण टोपीचं मला खरंच वाटंना.

माझ्या तीन शेळ्या नाताळाच्या आगंमागं विणार हायेत. त्यांना समुद्राचं काय सांगू? तुम्ही जा. गुडघ्याच्या वर पाण्यात जाऊ नको. लहानपणी तू विहिरीच्या हौदात तोंडावर पडली होतीस आन् मी तुला येणीला धरून काढलं होतं. आता तुझी येणी पण राहिली नाय धरायला. लोणचं काचंच्या बरणीत नेऊ नको, गाडीत सांडलं तर अंगद आयुष्यभर बोलंल.

आता खरं इचारते. तू टोपीवर आठ ओळी लिहिल्यास आन् भारतरावांवर दीड. ते येणार का नाय हे लिहिलंच नाय. ज्ञानूशी बोलतेत का, तेही नाय. दिवाळीत मी तुझ्याकडं होते. कान गेलेत, डोळे नाय गेले. पोरगी वाढायला आली की ते ताटावर हात आडवा धरत होते.

मला गोड गोड लिहीत जाऊ नको. मी थोरली हाय.

खुशाली कळवत राहावी, आन् खरी कळवावी.
तुझी,
आक्का


पडेगाव
दि. १२ डिसेंबर २०२५

ती. आक्कास,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून आधी हसले, मग मोरीत जाऊन तोंड धुऊन आले.

तर खरं ऐक. ज्ञानूला जर्मनीतल्या दवाखान्यात नर्सची नोकरी लागली. अठरा जानेवारीला विमान. तीन वर्षं तरी तिकडंच. दसऱ्याला तिनं हे सांगितलं, तेव्हापासून हे तिच्याशी बोलत नाहीत. रागावले असते, भांडले असते तर बरं होतं. नुसते गप्प. ती आली की बाहेर जाऊन गाडी पुसत बसतात. गाडीचा रंग जायची वेळ आलीय.

एकदाच मला म्हणाले. म्हणाले की सत्तावीस वर्षं एसटी चालवली, हजारो लोकांच्या लेकरांना नेलं आन् परत आणून सोडलं. हिला परत कोण आणून सोडणार? मी पीठ मळत राहिले.

म्हणून तर तारकर्ली. पोरांची युक्ती नाही आक्का, माझीच आहे. चौघं एका घरात चार दिवस, गाडी लांब रस्त्यावर, पळायला जागा नाही, समोर नुसतं पाणी. बोलावंच लागंल, असं वाटलं होतं. पण परवा हे म्हणाले, तुम्ही तिघं जा, आक्काच्या शेळ्या विणार आहेत, मी पिशोरला मदतीला जातो. शेळ्यांचं माझ्याच तोंडून त्यांना कळलं. माझीच जीभ!

ज्ञानू म्हणाली, मग जायलाच नको. पण मीच हट्टानं म्हटलं, जायचं म्हणजे जायचं. बावीसला सकाळी आम्ही निघू, कोल्हापूरला मुक्काम. त्याच दिवशी हे तुझ्याकडं येतील. ह्यांना कमी तिखट लागतं.

पोरांसमोर मी लई उड्या मारतेय. टोपी घालून अख्ख्या घरात फिरते. अंगदला वाटतं आई समुद्रासाठी येडी झाली. वाटू दे.

जीव लावतेस तसाच लावत राहा.
तुझी,
सत्यशीला


पिशोर
दि. २४ डिसेंबर २०२५

चि. सौ. सत्यशीलेस,
अनेक आशीर्वाद.

हे पत्र पोस्टानं नाय, माणसाच्या हाती धाडतेय. माणूस तुझाच हाय. आधी त्याला पाणी दे, मग वाच.

परवा आले. गोठा झाडला, पाला आणला, एक शेळी व्याली तर दोन्ही पिल्लं स्वतःच्या टॉवेलनं पुसली. कामाला नाव ठेवायला जागा नाय. पण जेवण अर्धी भाकरी. इचारलं तर म्हणायचे भूक नाय.

आज सकाळी ज्ञानूनं फोटो धाडला. पाण्यात उभी, पाठीमागून ही मोठी लाट. भारतराव दोन बोटांनी फोटो मोठा करत बसले. मग मला काहीतरी म्हणाले. मला ऐकू आलं नाय. मी म्हणाले, मोठ्यानं बोला. ते जरा मोठ्यानं बोलले. मी म्हणाले, आजून मोठ्यानं. मग ते जे ओरडले बाई! की पोरगी चालली म्हणून माझ्या घशाखाली घास उतरत नाय!

सगळ्या गल्लीनं ऐकलं. समोरची मनकर्णाबाई हातातलं सूप घेऊन बाहेर आली. शौकत लुंगीवरच आला. आन् भारतराव अंगणात उभे राहून पोरासारखे रडले. मी त्यांना रडू दिलं. मग सांगितलं की माझ्या कानात ओरडून काय उपयोग, जिला सांगायचं ती तिकडं लाटांत उभीय. शेळ्यांना ड्रायव्हर लागत नाय. उठा.

आधी म्हणाले, आता कसं जाऊ, काय तोंडानं जाऊ? मी म्हणाले, पत्र द्यायला जा. आक्काचं पत्र हाय, हातोहात द्यायचंय, म्हणून सांगा. ते त्यांना पटलं. शौकत फटफटीवर कन्नडला सोडतोय, तिथून पुणं, पुण्याहून मालवण. फटफटी चालू हाय, म्हणून अक्षर असं.

सगळ्यांना मायेनं जवळ घे.
तुझी,
आक्का

ता. क. यंत्र आज कानात घातलंय. त्यांचं ओरडणं सुरू झाल्यावर घातलं. त्याआधीचं पण थोडं ऐकू आलं होतं, हे त्यांना सांगू नको.


तारकर्ली
दि. २७ डिसेंबर २०२५

ती. आक्कास,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. पंचवीस तारखेला दुपारी आम्ही वाळूत बसलो होतो. शेजारच्या घरावर कागदी चांदण्या लागल्या होत्या आन् तिथल्या काकूंनी सकाळीच केक आणून दिला होता. ज्ञानू पाण्यात होती. तेवढ्यात अंगद म्हणाला, बूट घालून वाळूत कोण चाललंय बघ. हे! खांद्याला पिशवी, पँटला शेळीचे केस. नीट माझ्याकडं आले, पत्र दिलं आन् म्हणाले की आक्कानं हातोहात द्यायला सांगितलं होतं.

मग बूट न काढताच तसेच पाण्याकडं गेले. ज्ञानूनं बघितलं आन् जागीच उभी राहिली. दोघांच्यामधी चारपाच लाटा येऊन गेल्या असतील. ह्यांनी एवढंच विचारलं की जेवलीस का. तिनं नुसती मान हलवली. मग म्हणाले की मी नाय जेवलो, दसऱ्यापासून. तशी ती जी धावत आली, दोघंही पाण्यात बदकन आपटले. अंगद हसता हसता रडला. माझं काय झालं ते मी लिहीत नाही.

तेव्हापासून बोलणं थांबतच नाही. विमान किती तास चालतं, चालवणारे किती जण, त्यांना मधी झोपायला मिळतं का, तिकडं बर्फात गाडीचं चाक घसरतं का, सगळं विचारून झालं. काल म्हणाले की तिकडं तू दवाखान्यात लोकांना उठवशील, बसवशील, आमच्यासारखंच काम आहे, माणसं सुखरूप पोचवायचं. अठराला मुंबईपर्यंत मीच घेऊन जाणार, दुसऱ्या कुणी गाडीला हात लावायचा नाय, अशी ताकीद अंगदला मिळालीय.

आज निघायचं होतं, पण ह्यांनी घरमालकाशी परस्पर बोलून दोन दिवस वाढवले. पुढच्या खेपेला तुला उचलून गाडीत घालणार आहोत, शेळ्यांसकट.

हे लिहितेय तेव्हा दीड वाजलाय. माशाचं कालवण थंड होतंय. अंगद आन् मी पायरीवरून कधीच्या हाका मारतोय, आन् बापलेक कमरेएवढ्या पाण्यात, दोघंही आमच्याकडं बघून हात हलवतात आन् परत तोंड फिरवून लाटेकडं जातात.

तुझ्या मायेची जन्माची धनीण,
सत्यशीला